विमान भुईवर असतां

घरांतील कोणी विमानानें प्रवासास निघालें, म्हणजे वडील माणसांच्या मनाला जी हुरहूर लागते ती बहुधा आकाशाची असते. ढग कसे आहेत, वारा कसा आहे, यंत्र मधेंच बंद पडलें तर काय होईल, अशा शंका त्यांच्या मनांत येतात. आणि विमान सुखरूप खालीं टेकल्याचा निरोप आला, कीं देवापुढें साखर ठेवून तीं निश्चिंत होतात. प्रवाशांची समजूतहि यापेक्षां निराळी नसते. चाकें जमिनीला लागल्याचा धक्का बसतांच कित्येक लोक उठून डोक्यावरच्या फळीवरील सामान काढूं लागतात. आकाशांतून भुईवर आलों, आतां भय कसलें, असा त्यांचा भाव असतो. परंतु विमानविद्येच्या इतिहासांत ज्या एका अपघातांत सर्वांत अधिक माणसें दगावलीं, तो आकाशांत झालेला नाहीं. त्या दिवशीं दोन्ही विमानें भुईवर होतीं. म्हणून विमान उडतें कसें हा नेहमींच्या कुतूहलाचा प्रश्न या महिन्यापुरता बाजूस ठेवून, तें जमिनीवर चालतें कसें, आणि तेथें एकावर दुसरें आदळूं नये म्हणून कोणती योजना केलेली असते, याचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा विषय मुंबई-दिल्लीकडील लोकांचा. वऱ्हाडांतील खेड्यापाड्यांचा त्याच्याशीं काय संबंध, असें कोणी म्हणेल. संबंध आहे, आणि तो दुःखाचा आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या महागांव तालुक्यांत फुलसावंगी नांवाचें गांव आहे. तेथें लोखंडाच्या जोडकामावर पोट भरणाऱ्या एका चोवीस वर्षांच्या तरुणानें, शाळा आठवींतच सुटलेली असतां, चित्रफिती पाहून आणि स्वतःच्या हातांवर भरंवसा ठेवून, एका माणसाच्या बैठकीचें हेलिकॉप्टर रचण्यास आरंभ केला. लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि मारुती मोटारीचें इंजिन, एवढी त्याची सामग्री. सुमारें दोन वर्षें तो या कामाच्या नादीं लागला होता. स्वातंत्र्यदिनीं आपलें यंत्र सर्वांना दाखवावें अशी त्याची हौस होती. २०२१ सालच्या ऑगस्टांत, तो दिवस अगदीं तोंडावर आला असतां, एका रात्रीं त्यानें यंत्र चालवून पाहिलें. यंत्र भुईवरच होतें. शेपटाकडील पंखा तुटून वरच्या मोठ्या पंख्यावर आदळला आणि त्या पंख्याचा तडाखा तरुणाच्या डोक्याला बसला. तो वांचला नाहीं. त्याचें नांव त्या वेळीं वर्तमानपत्रांतून आलें होतें; ज्या घरचा मुलगा गेला, त्या घराचें दुःख पुन्हां नांवनिशीवार मांडण्याचें आम्हांस प्रयोजन दिसत नाहीं.

त्याचें धाडस हा वेडेपणा होता असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे; पण तसें म्हणण्यास आमची जीभ धजत नाहीं. कारण ज्यांच्यापाशीं पदव्या आहेत, परवाने आहेत आणि वर्षानुवर्षांचा अनुभव आहे, त्यांच्या देखतहि याच जातीचा अनर्थ घडलेला आहे. १६ डिसेंबर २०१५ रोजीं मुंबईच्या विमानतळावरून हैदराबादेस निघालेलें एअर इंडियाचें विमान जागेवरून हलूं लागलें, तेव्हां त्याच्या जवळ काम करीत असलेला त्याच संस्थेचा एक तंत्रज्ञ इंजिनांत ओढला गेला आणि तत्काळ गतप्राण झाला. विमानतळ देशांतील पहिल्या प्रतीचा, माणसें शिकलेलीं, यंत्र निर्दोष. उणें पडलें तें एवढेंच, कीं मनुष्य पुरता दूर झाला आहे याची खात्री पटण्यापूर्वीं यंत्राला गति मिळाली. फुलसावंगी आणि मुंबई यांत इतर बाबतींत कितीहि अंतर असो. फिरत्या यंत्रापाशीं उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाला दोन्ही ठिकाणीं सारखाच धोका होता. विमानाची पहिली भीति त्याच्या उंचीची नव्हे, जवळिकीची आहे, हें या दोन घटनांवरून ध्यानांत यावें.

बदक पाण्यांत जितकें डौलदार, तितकेंच कांठावर फेंगडें. विमानाचेंहि तसेंच आहे. त्याच्या जमिनीवरील चालण्यास वैमानिकांच्या भाषेंत टॅक्सी करणें म्हणतात. पण मोटारीशीं त्याचें साम्य नांवापुरतेंच. मोटारीप्रमाणें विमानाच्या चाकांना यंत्राची गति दिलेली नसते. इंजिन हवा मागें लोटतें आणि त्या रेट्यानें तें पुढें सरकतें. यामुळें उतारूंनीं भरलेलें विमान व्यवहारांत आपल्या बळावर मागें येत नाहीं. जागेवरून निघतांना एक ठेंगणा, वजनदार ट्रॅक्टर त्याला मागें लोटून देतो. आठवड्याच्या बाजारीं कापसानें भरलेल्या दोन बैलगाड्या अरुंद बोळांत समोरासमोर आल्या म्हणजे काय तारांबळ उडते, हें वऱ्हाडांतील वाचकांस सांगावयास नको. तशींच दोन विमानें एका वाटेवर तोंडास तोंड लावून उभीं राहिलीं, तर ट्रॅक्टर येईपर्यंत मागचा सारा व्यवहार खोळंबतो.

शिवाय पंखांची अडचण आहेच. आपल्याकडे नेहमीं दिसणाऱ्या एअरबस ३२० जातीच्या विमानाचे पंख टोंकापासून टोंकापर्यंत सुमारें ३५ मीटर भरतात. परदेशीं जाणाऱ्या मोठ्या विमानांचे ६० मीटरांच्याहि वर जातात. वैमानिक बसलेला असतो पार नाकाशीं. मोठ्या विमानांत त्याला आपल्या पंखांचीं टोंकें बसल्या जागेवरून नीट दिसतहि नाहींत. सरळ वाटेवर त्याचा वेग ताशीं ४०-५० किलोमीटरपर्यंत जातो, वळणावर तो १५-२० वर आणावा लागतो. आणि मागें इंजिनाचा झोत सुटलेला असतो, तो हलक्या वाहनास सहज उलथून टाकील. २७ मार्च २०२४ रोजीं कलकत्त्यास एक विमान धांवपट्टीवर जाण्याच्या परवानगीसाठीं थांबलें होतें. शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या विमानाच्या पंखाचें टोंक त्याच्या पंखाला लागलें आणि मोडतोड झाली. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं. परंतु दोन्ही विमानांत उतारू होते, आणि पंखांतच इंधन सांठविलेलें असतें, एवढें सांगितलें म्हणजे पुरे.

आतां अशा बोजड प्राण्यांची मोठी गर्दी एकाच आवारांत झाली असतां त्यांना सांभाळावयाचें कसें? आमच्याकडे कार्यांत शंभर पानांची पंगत बसते, तेव्हां भाताचा, आमटीचा, तुपाचा असे वाढपी एकाच वेळीं फिरत असतात. सर्वजण एका बाजूनें शिरून दुसऱ्या बाजूनें निघाले, तर कढत आमटी कोणाच्या पायावर सांडत नाहीं. कोणी घाईनें उलटा फिरला, कीं घोंटाळा झालाच. विमानतळावरहि येण्याच्या व जाण्याच्या वाटा ठरविलेल्या असतात, त्यांना अक्षरांचीं व आंकड्यांचीं नांवें दिलेलीं असतात, आणि कोणत्या विमानानें कोणत्या वाटेनें जावें हें नियंत्रक बिनतारी यंत्रावरून सांगतो. मोठ्या विमानतळावर जमिनीवरील चालीचा नियंत्रक निराळा आणि धांवपट्टीचा निराळा असतो. एक घरच्या ओसरीचा कारभारी, दुसरा देवघराचा.

देवघर म्हणण्याचें कारण असें, कीं धांवपट्टी ही विमानतळावरील सोंवळ्याची जागा आहे. सोंवळ्याचें स्तोम आज कोणाच्या घरीं किती उरलें आहे आणि तें उरावें कीं नाहीं, हा वाद येथें नको. परंतु स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशीं थबकून, "आंत येऊं का?" असें विचारण्याची जी संवय जुन्या घरांतील मुलांना लागत असे, तीच वैमानिकाच्या अंगीं मुरवावी लागते. धांवपट्टीच्या अलीकडे वाटेवर चार पिवळ्या रेघा आडव्या ओढलेल्या असतात. दोन सलग आणि दोन तुटक. जो सलग रेघांच्या बाजूनें आला, त्यानें परवानगीवांचून त्या ओलांडूं नयेत. जो धांवपट्टीवरून बाहेर पडतांना तुटक रेघांकडून आला, त्यानें त्या ओलांडून संपूर्ण विमान पलीकडे न्यावें, शेपूट मागें अडकवून ठेवूं नये. जवळच तांबड्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत धांवपट्टीचा आंकडा असतो. तांबडी पाटी म्हणजे आज्ञा. काळ्या पाटीवरील पिवळें अक्षर म्हणजे आपण कोणत्या वाटेवर आहों त्याची खूण. आणि पिवळ्या पाटीवरील काळें अक्षर म्हणजे पुढचा फांटा कोणीकडे जातो त्याची सूचना. रात्रीं वाटेच्या कडांना निळे दिवे, मध्यभागीं हिरवे आणि धांवपट्टीच्या कडांना पांढरे. मोठ्या विमानतळांवर उंबरठ्याशीं तांबड्या दिव्यांची एक आडवी ओळ जमिनींत बसविलेली असते. ती पेटलेली असतां, नियंत्रकानें तोंडानें "जा" म्हटलें तरी जावयाचें नाहीं. दिवे विझेपर्यंत थांबून पुन्हां विचारावयाचें. तोंड आणि दिवा यांचें एकमत झाल्यावांचून पाऊल टाकूं नये, असा हा दुहेरी पहारा आहे.

धांवपट्टीचा आंकडाहि उगीच ठेवलेला नसतो. होकायंत्रावरील अंशांस दहांनीं भागून जो आंकडा येतो, तो त्या पट्टीचें नांव होतो. मुंबईची मुख्य पट्टी पश्चिमेकडे तोंड करून वापरली, तर ती २७, म्हणजे २७० अंशांची. पूर्वेकडे तोंड केलें तर तीच ०९. तिला छेदून जाणारी दुसरी पट्टी १४ आणि ३२ या आंकड्यांची आहे. दोन्ही पट्ट्या एकमेकींस छेदत असल्यामुळें दोन्हींवरून स्वतंत्रपणें एकाच वेळीं काम चालवितां येत नाहीं; सारा भार बहुतेक वेळ एकीवरच पडतो. तरीहि या विमानतळानें २०१८ सालच्या डिसेंबरांत एका दिवसांत हजाराहून अधिक विमानांची ये-जा केलेली आहे. उड्डाणाच्या किंवा उतरण्याच्या एका पाळीस पुरें दीड मिनिटहि मिळत नाहीं, असा हा हिशेब आहे.

परंतु गर्दी म्हणजे केवळ मोठी संख्या नव्हे. एकाच घटकेला एकाच जागीं येणें ही खरी गर्दी. याचें उदाहरण विदर्भानेंच दिलें आहे. ३० जानेवारी १९४९ पासून आपल्या देशांत रात्रीच्या विमान-टपालाची योजना सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्रीं निघालेलीं विमानें मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास सोनेगांवच्या विमानतळावर एकत्र जमत. टपालाच्या थैल्यांची आणि उतारूंची अदलाबदल होई, आणि पहाटेपूर्वीं जो तो आपल्या वाटेनें परते. सुमारें दोन तपें ही रीत चालली. दिवसां जी जागा शांत असे, तीच रात्रीं दोन-तीन तास हिंदुस्थानच्या टपालाचा चव्हाटा होई. चार चाकोऱ्या एका बिंदूंत मिळाव्या आणि कोणाचा कोणास धक्का न लागतां पुन्हां सुटाव्या, हें काम वेळेच्या, जागेच्या आणि शब्दांच्या शिस्तीवांचून होणारें नव्हे.

शब्दांची शिस्त म्हणजे काय, तें आमच्या वाचकांस चटकन् उमजेल. संकल्प सोडतांना गुरुजी एक एक शब्द सांगतात आणि यजमान तो जसाच्या तसा उच्चारतो. मनांत "समजलें" असें म्हणून भागत नाहीं. विमानतळावर हीच चाल आहे. "अमुक पट्टीच्या अलीकडे थांबा" असें नियंत्रकानें म्हटलें, तर वैमानिकानें आपल्या विमानाच्या नांवासह तेंच वाक्य परत म्हणावयाचें. आणि तें बरोबर म्हटलें कीं नाहीं हें नियंत्रकानें ऐकावयाचें. नुसतें "बरें" किंवा "ठीक" पुरत नाहीं. हा नियम किती महाग पडून दृढ झाला, तें आतां सांगतों.

२७ मार्च १९७७ रोजीं कॅनरी बेटांपैकीं एका बेटावरील विमानतळावर बाँब फुटला, म्हणून तेथें जाणारीं विमानें शेजारच्या टेनेरीफ बेटावर वळविण्यांत आलीं. तो विमानतळ लहान; आलेल्या विमानांनीं तेथील वाटा भरून गेल्या, आणि निघणाऱ्यांना चालत जाण्यासाठीं खुद्द धांवपट्टीच वापरावी लागली. दाट धुकें उतरलें होतें. हॉलंडच्या के. एल. एम. संस्थेचें एक बोइंग ७४७ पट्टीच्या टोंकाशीं जाऊन वळून उभें राहिलें; अमेरिकेच्या पॅन ॲम संस्थेचें तसलेंच दुसरें त्याच पट्टीवरून समोरून येत होतें आणि त्यानें मधल्या एका फांट्यानें बाहेर पडावयाचें होतें. धुक्यांत त्यांना एकमेकांचें दर्शन नाहीं, मनोऱ्यांतील नियंत्रकासहि कोणी दिसत नाहीं, आणि जमिनीवरील विमानें दाखविणारें रडार तेथें नव्हतें. उरला तो केवळ शब्दांचा आधार.

के. एल. एम. चा मुख्य वैमानिक त्या संस्थेंतील अत्यंत मानाचा, इतर वैमानिकांस शिकविणारा मनुष्य होता. निघण्यास उशीर होत होता. त्यानें एकदां इंजिनांचा जोर वाढविला, तेव्हां सहवैमानिकानें परवानगी अजून मिळाली नसल्याची आठवण दिली, तो थांबला. मग वर गेल्यावर कोणत्या मार्गानें जावयाचें त्याची सूचना आली. सहवैमानिक ती परत म्हणत आहे, तोंच मुख्य वैमानिकानें विमान पुढें काढलें. या वेळीं सहवैमानिकानें त्यास अडविलें नाहीं. आपण निघालों आहों, अशा अर्थाचे कांहीं संदिग्ध शब्द त्यानें बिनतारी यंत्रावर उच्चारले. नियंत्रकानें प्रथम "ठीक" म्हटलें, आणि मग थांबण्यास सांगितलें. त्याच क्षणीं पॅन ॲमचा वैमानिक, आम्ही अजून पट्टीवरच आहों, असें सांगूं लागला. दोन आवाज एकमेकांवर पडले, आणि के. एल. एम. च्या माणसांना "ठीक" या शब्दानंतर बहुतेक एक कर्कश शीळच ऐकूं आली. तरीहि मागें बसलेल्या यंत्रज्ञास संशय आला. समोरचें विमान पट्टीवरून गेलें नाहीं कीं काय, असें त्यानें विचारलें. गेलें आहे, असें ठाम उत्तर त्यास मिळालें, आणि तो गप्प बसला. पुढच्या कांहीं क्षणांत ५८३ माणसें मृत्युमुखीं पडलीं. पॅन ॲमच्या विमानांतील ६१ माणसें तेवढीं वांचलीं.

या अपघातानंतर शब्दांचे नियम कडक झाले. "टेक-ऑफ" हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देतांना किंवा ती रद्द करतांनाच उच्चारावयाचा. इतर सर्व बोलण्यांत त्याच्या ऐवजीं दुसरा शब्द वापरावयाचा. आज्ञेला नुसत्या होकारानें उत्तर द्यावयाचें नाहीं. परंतु याहून मोठा पालट वैमानिकांच्या शिक्षणांत झाला. धाकट्यास धोका दिसला, तर त्यानें तो स्पष्ट शब्दांत, आणि ऐकला न गेल्यास पुन्हां, सांगितलाच पाहिजे. आणि वडिलानें तो अपमान न मानतां प्रथम थांबावें, मग विचार करावा, हें आज जगभर वैमानिकांस शिकविलें जातें. आमच्या मतें या साऱ्या विषयांतील मर्म हेंच आहे, आणि तें विमानतळाच्या कुंपणापाशीं संपत नाहीं. एकत्र कुटुंबांत वडिलांचा शब्द खालीं पडूं नये ही रीत चांगली. पण शेगडीचा वास येतो आहे, विजेची तार उघडी पडली आहे, आजोबांना दिलेलें औषध दुसऱ्या बाटलींतलें आहे, हें धाकट्या सुनेला किंवा दहा वर्षांच्या नातवाला दिसलें, आणि तें "मोठ्यांना कसें सांगावें" म्हणून गप्प राहिलें, तर त्या मर्यादेची किंमत सर्व घर देतें. त्या यंत्रज्ञाला संशय आला होता. त्यानें विचारलेंहि होतें. दुसऱ्यांदा विचारण्याची सोय त्याच्या भोंवतालच्या रीतींत नव्हती.

नियम झाले म्हणून अनर्थ थांबला असेंहि नाहीं. ८ ऑक्टोबर २००१ रोजीं इटलींतील मिलान शहराच्या लिनाते विमानतळावर, धुक्यांत एक लहान विमान चुकीच्या वाटेनें धांवपट्टीवर शिरलें. तेथील जमिनीवरचें रडार त्या वेळीं चालू नव्हतें, आणि खुणाहि धड नव्हत्या. ११८ जीव गेले. जपान शिस्तीसाठीं नांवाजलेला देश. तेथें टोकियोच्या हानेदा विमानतळावर २ जानेवारी २०२४ रोजीं, आदल्या दिवशींच्या भूकंपांत सांपडलेल्यांसाठीं मदत नेणारें तटरक्षक दलाचें एक विमान, तुमची पाळी पहिली, या नियंत्रकाच्या शब्दांवरून परवानगीच मिळाली असें समजून धांवपट्टीवर गेलें, आणि तेथें सुमारें ४० सेकंद उभें राहिलें. वरून उतरणारें प्रवासी विमान त्यावर आदळलें. तटरक्षक दलाच्या सहांपैकीं पांच माणसें गेलीं. त्या उंबरठ्यावरील तांबड्या दिव्यांची ओळ दुरुस्तीसाठीं बंद होती. प्रवासी विमानांतील ३७९ माणसें मात्र सर्वचीं सर्व जळत्या विमानांतून बाहेर पडलीं. कारण सामानास हात न लावतां, सांगितल्याप्रमाणें, तीं ओळीनें उतरलीं. एका ठिकाणीं शब्दाचा अर्थ चुकला, दुसऱ्या ठिकाणीं शब्द पाळला गेला. एकाच रात्रीं, एकाच पट्टीवर.

आपल्याकडील दाखलेहि थोडे नाहींत. मुंबईस जुहूचा जुना विमानतळ आणि सांताक्रूझचा मोठा विमानतळ हे हांकेच्या अंतरावर आहेत. १९५३ सालीं बी. ओ. ए. सी. संस्थेचें कॉमेट विमान आणि २४ सप्टेंबर १९७२ रोजीं जपानी संस्थेचें एक मोठें जेट विमान, अशीं दोन विमानें सांताक्रूझ समजून जुहूच्या आंखूड पट्टीवर उतरलीं. कोणी दगावलें नाहीं. पण दुसरें विमान पट्टीबाहेर जाऊन कायमचें निकामी झालें. आपण कोठें आहों हें ठाऊक असल्याचा भ्रम, हा न ठाऊक असण्यापेक्षां अधिक घातक असतो, याचें यापेक्षां ठळक उदाहरण सांपडणें कठीण. पुण्यास १५ फेब्रुवारी २०२० रोजीं दिल्लीकडे निघालेलें विमान पट्टीवर भर वेगानें धांवत असतां पुढें एक जीप आणि एक मनुष्य दिसला. वैमानिकानें विमान वेळेआधींच उचललें, त्यांत त्याचा शेपटाकडील भाग जमिनीस घांसला, पण सर्वांचे प्राण वांचले. ८ जून २०२४ रोजीं मुंबईस एक विमान पट्टी सोडून वर जात आहे न जात आहे, तोंच इंदूरहून आलेलें दुसरें त्याच्या मागें त्याच पट्टीवर उतरलें. अंतर उरलें म्हणून बातमी राहिली; न उरतें तर इतिहास झाला असता.

यावर उपाय काय? यंत्रें आहेत. दिल्ली-मुंबईसारख्या विमानतळांवर जमिनीवरील प्रत्येक विमानाची व वाहनाची जागा नियंत्रकास पडद्यावर दिसते, आणि दोघे एका जागीं येऊं लागले तर यंत्र सूचना देतें. ज्या चौकांत पूर्वीं घोंटाळे झाले, ते नकाशावर ठळक वर्तुळांनीं दाखविलेले असतात, म्हणजे नव्या माणसासहि तेथें सावध व्हावें. परंतु खरा उपाय साधाच आहे. निघण्यापूर्वीं दोन्ही वैमानिकांनीं जावयाची वाट नकाशावर बोट ठेवून एकमेकांस सांगावी. विमान चालत असतां कामाव्यतिरिक्त गोष्टी बोलूं नयेत, आणि दोघांचींहि डोकीं एकाच वेळीं कागदांत किंवा यंत्रांत असूं नयेत. एकाची नजर बाहेर असावीच. धांवपट्टी ओलांडण्यापूर्वीं दोघांनीं दोहों बाजूंस पाहावें. आणि शंका आली तर जागीं थांबून विचारावें. आकाशांत विमानाला थांबतां येत नाहीं; भुईवर येतें. ही त्याला मिळालेली केवढी मोठी सवलत आहे! अनोळखी विमानतळावर तर "वाट दाखवा" असें म्हटल्यास नियंत्रक पावलागणिक वाट सांगतो, किंवा पुढें चालणारी मोटार पाठवितो. असें मागण्यांत कमीपणा नाहीं. कमीपणा वाटून न मागण्यांतच आजवर अनर्थ झाले आहेत.

दुसरा उपाय चूक लपूं न देण्याचा. ज्या विमानसंस्थांत निर्व्याज चूक आपण होऊन सांगणाऱ्यास शिक्षेचें भय नसतें, तेथें लहान चुका वेळींच कळतात आणि रेघ, पाटी किंवा शब्द सुधारतां येतो. जेथें चूक सांगणाऱ्यावरच आधीं बोट रोखलें जातें, तेथें चुका होत नाहींत असें नव्हे; त्या शेवटच्या दिवशीं एकदम कळतात.

फुलसावंगीच्या तरुणाला असा शिकविणारा, थांबविणारा, "पंखा फिरत असतां कोणी त्याच्या घेऱ्यांत उभें राहावयाचें नाहीं, यंत्राला आधीं दूरवरून चालवून पाहूं" असें सांगणारा कोणी जोडीदार नव्हता. जें कौशल्य त्याच्या हातीं होतें, तें मोठमोठ्या कारखान्यांत पगार देऊन शोधावें लागतें. आपल्या तालुक्यांतून अशीं मुलें आहेत. कोणी मोटारीचें इंजिन उघडून बसतो, कोणी पाण्याच्या पंपाला पंखा जोडतो. त्यांना हंसणारे पुष्कळ, टाळ्या वाजविणारेहि पुष्कळ. परंतु शेजारीं बसून "अजून परवानगी मिळालेली नाहीं, थांब" असें म्हणणारा दुर्मिळ. शाळा-तंत्रशाळांतील शिक्षकांनीं आणि शिकल्यासवरल्या घरांनीं ती सहवैमानिकाची जागा घ्यावी, असें आम्हांस मनापासून वाटतें. त्याला लागणारें भांडवल फार नाहीं. आठवड्यांतली एक संध्याकाळ आणि थोडी आस्था पुरेल.

राहिला आम्हां प्रवाशांचा वांटा. विमान टेकलें म्हणजे प्रवास संपला असें समजूं नये. तें जागेवर येऊन थांबेपर्यंत आणि पट्ट्याची खूण विझेपर्यंत बसून राहावें. कारण वाटेंत काहीं आडवें आल्यास वैमानिक एकदम रोध दाबतो आणि उभ्या माणसाचा तोल जातो. जमिनीवरून चालत विमानाकडे जावें लागलें, तर आंखून दिलेल्या वाटेनेंच जावें, मुलांचे हात धरावे, आणि पंखा किंवा इंजिन थांबलेलें दिसलें तरी त्याच्या जवळून जाऊं नये. आणि विमान वाटेवर उगीचच थांबलें आहे असें वाटून चडफडणाऱ्या शेजाऱ्यास सांगावें, कीं पुढें कोठें तरी एक तांबडी ओळ पेटली असेल, आणि कोणी तरी शहाणा मनुष्य ती विझण्याची वाट पाहत असेल.